बुवांचा मुक्काम

गायक दिगंबरबुवा अंगचटीला येतात, अशी तक्रार त्यांच्याच दोन शिष्यांनी, पोरीबाळींनी, केली होती. तरी जत्रेत गाणं बुवांचंच, असा जत्रा समितीच्या अध्यक्षांचा, बापूसाहेबांचा, हट्ट.

"आरोप काय, कुणावरही होतात. आपण गाणं बघावं, माणूस नाही," ते सभेत म्हणाले.

दरवर्षी गायकाला ओवाळायला गावच्या मुली वत्सलाकाकू निवडायच्या. तक्रार करणाऱ्या त्या दोन पोरींच्या आठवणीनं त्यांचा जीव तुटत होता, पण आवाज शांत होता. "बरं. रिवाजाप्रमाणे बुवांचा मुक्काम तुमच्याच घरी ना?"

बापूसाहेब गडबडले. "छे, यंदा लॉजवर. घरात लेकीसुना आहेत."

"मग ओवाळायला कोणाच्या लेकी पाठवू?"

जत्रेत गायल्या त्या दोघी शिष्या. ओवाळायला बापूसाहेबांची सून सगळ्यांत पुढे होती.