गोमीने ऊन अडवलं

ही गोष्ट घडली तेव्हा घाटाला गाडीरस्ता नव्हता, आणि आज गावात जे सर्वांत म्हातारे आहेत त्यांच्या आज्याही जन्मल्या नव्हत्या.

आपलं वाकीखोरं म्हणजे चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये खोलगट वाटी. हिवाळ्यात गारठा त्या वाटीत पाण्यासारखा साचतो. पौषात दहिवर गोठतं आणि शिवार पांढरं पडतं. घाटाखालची माणसं म्हणाली, इथे गहू येणार नाही. म्हणून आपल्या माणसांनी गहूच पेरला, आणि तो आला.

पण एका वर्षी थंडी अशी पडली की गाईची धार चरवीत पडेपर्यंत घट्ट व्हायची, असं म्हणतात. पाट वाहता वाहता थांबला. शेतातली माती गोठून फुगली आणि पायाखाली करकर वाजू लागली.

तेव्हा रायाजी पाटील गावाचा कारभार पाहायचे. पूर्वेच्या कड्यावर जांभळीची दाट राई होती. तिच्यामुळे खोऱ्यात ऊन उशिरा उतरायचं. पाटलांनी हुकूम दिला, "राई तोडा. ऊन लवकर आलं की गारठा पळेल."

दोन दिवस कुऱ्हाडी चालल्या. तिसऱ्या दिवशी सूर्य उगवला तो थेट वरच्या शिवारात. दहिवर चमचम करत वितळलं. बायांनी उन्हाला हळदकुंकू वाहिलं. दुपारी गहू उकडलेल्या भाजीसारखा लोळला आणि दिवस मावळायच्या आत काळा पडला.

त्या सकाळी ऊन खाली उतरायच्या आत ढग आले, म्हणून खालचं शिवार तेवढं वाचलं. गावाचं बी आता त्यातच होतं. तेही गेलं असतं तर पेरायला दाणा उरला नसता आणि खोरं सोडून जावं लागलं असतं. गारठा तर हटत नव्हता.

वरच्या काळ्या शिवारात मात्र एक पट्टा हिरवा होता. तो गोमीच्या भट्टीखालचा.

गोमी कातकरीण. कड्यावर एकटी कोळशाची भट्टी लावायची. तिच्या धुराने ओंब्या काळ्या होतात, असा गावाचा समज होता, म्हणून पाटलांनी तिला शेतात पाय टाकायला मनाई केली होती. त्या दिवशी ती बांधापर्यंत आली आणि तिथूनच म्हणाली, "पाटील, गव्हाला थंडीनं न्हाई मारलं. उन्हानं मारलं."

लोक हसले. सरूआत्या म्हणाली, "ऐका गं बायांनो! कोळशानं तोंड धुणारी आता सूर्याला नावं ठेवतीया."

"आत्या, बोटं गारठली की तुम्ही जाळात घालता का?"

"घालीन कशाला? कातडं सोलून निघंल."

"मग काय करता?"

"काखेत धरते," आत्या म्हणाली, आणि तिने वळून काळ्या गव्हाकडे पाहिलं.

"गव्हाला काख न्हाई," गोमी म्हणाली. "मी धूर धरते. दहिवर हळूहळू उतरू दे."

पाटलांनी कड्याकडे पाहिलं. भट्टी पिकत आली होती. गोमीचं वर्षाचं पोट तिच्यात होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. "भट्टी फोडलीस तर कोळशाची राख होईल. मग खाशील काय?"

"गहू," गोमी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी तिने भट्टीचं तोंड फोडलं. आतल्या निखाऱ्यांवर ओला पालापाचोळा टाकला. धूर उठला. गोमी निखाऱ्यांची पाटी घेऊन कड्याच्या कडेने चालू लागली आणि धूर पाळलेल्या म्हशीसारखा तिच्या मागून चालला, असं म्हणतात. जिथे राई होती तिथे आता धूर उभा राहिला. सूर्य वर आला, न घासलेल्या पितळी ताटासारखा. गोमीने हात वर केला. सूर्य दोन घटका कड्याला टेकून थांबला आणि तिने हात खाली केल्यावरच वर चढला, असं म्हणतात.

खाली दहिवर थेंबाथेंबाने वितळलं. शेतात जायला तिने सगळ्यांना बंदी केली. पाटलांनाही. "माती सैल झालीया. पाय पडला तर मुळं तुटतील."

असं अकरा सकाळी चाललं. पालापाचोळा सहाव्या दिवशी संपला. तेव्हा पाटलांनी स्वतःच्या छपराचा पेंढा उपसला, भिजवला आणि डोक्यावर घेऊन अनवाणी कडा चढले. त्यांच्यामागे सगळं गाव चढलं. अकराव्या दिवशी कोकणातून उबदार वारा आला. खालचं शिवार पोपटी हिरवं उभं होतं.

काही लोक सांगतात की गोमी धुरातच विरून गेली. ते खरं नाही. ती खाली आली, शेतातून चालत आली, आणि गहू निघाल्यावर पाटलांच्या ओसरीवर बसून पोटभर जेवली. वाढायला सरूआत्या होती. "घे गं आणखी, सूर्य अडवणारे," ती म्हणाली, आणि यावेळी गोमीही हसली.

कड्यावर राई पुन्हा लावली, ती आज आभाळाला टेकली आहे. तिला कुणी कोयता लावत नाही. तरी पौषात दहिवर गोठलं की ओल्या पेंढ्याची पहिली पाटी पाटलांच्या घरातलं माणूस डोक्यावरून नेतं, अनवाणी. आग कातकरवाडीतली बाई लावते. तिचा हात खाली येईपर्यंत शेतात कुणीही पाय टाकत नाही, मग तो कितीही मोठा असो. निघालेल्या गव्हाचा पहिला वाटा वाडीवर जातो. तो दान म्हणून दिला जात नाही, हक्काचा म्हणून जातो.

घाटातून जाणाऱ्या गाड्या धूर पाहून थांबतात. लोक खाली उतरून विचारतात, वणवा लागला का? आपली पोरं छाती पुढे काढून सांगतात, "न्हाई. गोमीनं अजून ऊन सोडलं न्हाई."