ठिपकी म्हणाली, लवकर लवकर

पत्र्याची एक शेड. शेडच्या कोपऱ्यात एक बीळ. बिळात राहायची ठिपकी उंदरी. आणि तिचा धाकटा भाऊ, पिटू.

शेड होती सावळाराम मिस्त्रीकाकांची. मोडकी यंत्रं यायची, काका ती नीट करायचे.

एके दिवशी आलं मोठ्ठं लोखंडी चाक. ते उचलून टेबलावर ठेवायचं होतं. काकांनी आणली चेन. खाली आकडा, वर कप्पी. ओढली की जड वस्तू वर जाते. खळखळ खळखळ!

"ही टांगू कुठं बरं?" काका म्हणाले.

ठिपकीला गंमत बघायची होती. ती बिळाच्या दारात नाचू लागली.

"लवकर, लवकर! टांगा कुठंही, उचला भरभर!"

काकांनाही घाई होती. छपराला होती एक बारीक पट्टी. तिचं काम पत्रा धरायचं. काकांनी तिलाच चेन टांगली.

खळखळ खळखळ. चाक वर गेलं.

पट्टी वाकली. कर्रर्र!

काका मागे सरले. ठिपकी टुणकन बाहेर उडाली. चाक खाली आलं. धब्ब!

कुणाला लागलं नाही. पण चाक बसलं थेट बिळाच्या दारात. ठिपकी बाहेर, पिटू आत.

ठिपकीचं दार गेलं!

आतून आवाज आला, "ताई गं, अंधार! ताई गं, भूक!"

काकांनी टोपी डोळ्यांवर ओढली. शेडमागं जाऊन बसले.

ठिपकीनं शेपटीनं तोंड झाकलं.

"मी नाही म्हणाले लवकर लवकर," ती हळूच पुटपुटली.

पण तिला कुणी विचारलंच नव्हतं!

तुरुतुरु तुरुतुरु, ठिपकी गेली चेनकडं. चेन जमिनीवर गोळा होऊन पडली होती.

"चेनमावशी, चेनमावशी! चाक उचला. मग उघडेल दार. मग येईल पिटू बाहेर!"

"मी नाही उचलणार," चेन म्हणाली. "बारीक पट्टीला लटकले, बाई. तिची कंबर वाकली. मला लाज वाटते. जाडजूड गर्डर मला धरेल, तर उचलेन."

ठिपकीनं शेपटीनं तोंड झाकलं.

"ताई गं, भूक!"

तुरुतुरु तुरुतुरु, ठिपकी गेली गर्डरकडं. लांबलचक, लोखंडी. भिंतीशी आडवा पडलेला.

"गर्डरदादा, गर्डरदादा! चेनला धरा. मग चेन उचलेल चाक. मग उघडेल दार. मग येईल पिटू बाहेर!"

"मी नाही धरणार," गर्डर म्हणाला. "चेन भलतीकडं चढली, आणि मी गप्प बघत राहिलो. मला लाज वाटते. जुळे खांब मला खांद्यावर घेतील, तर धरेन."

ठिपकीनं शेपटीनं तोंड झाकलं.

"ताई गं, भूक!"

तुरुतुरु तुरुतुरु, ठिपकी गेली जुळ्या खांबांकडं. ते शेडच्या मधोमध उभे होते.

"खांबकाका, खांबकाका! गर्डरला खांद्यावर घ्या. मग गर्डर धरेल चेन. मग चेन उचलेल चाक. मग उघडेल दार. मग येईल पिटू बाहेर!"

"आम्ही नाही घेणार," खांब म्हणाले. "एवढे उंच आम्ही, आणि पाय बघ. डुगडुग, डुगडुग! आम्हाला लाज वाटते. बोल्ट आमचे पाय आवळतील, तर घेऊ."

ठिपकीनं शेपटीनं तोंड झाकलं.

"ताई गं, भूक!"

तुरुतुरु तुरुतुरु, ठिपकी गेली बोल्टांकडं. ते डब्यात बसले होते.

"बोल्टबाळांनो, बोल्टबाळांनो! खांबांचे पाय आवळा. मग खांब घेतील गर्डर. मग गर्डर धरेल चेन. मग चेन उचलेल चाक. मग उघडेल दार. मग येईल पिटू बाहेर!"

"आम्ही नाही आवळणार," बोल्ट म्हणाले. "आम्ही ढिलेच. डब्यात नुसते खेळत बसलो. खुळखुळ, खुळखुळ! आम्हाला लाज वाटते. पाना आम्हाला पिळेल, तर आवळू."

ठिपकीनं शेपटीनं तोंड झाकलं.

"ताई गं, भूक!"

तुरुतुरु तुरुतुरु, ठिपकी गेली पान्याकडं. तो खिळ्याला लटकला होता.

"पानेभाऊ, पानेभाऊ! बोल्ट पिळा. मग बोल्ट आवळतील पाय. मग खांब घेतील गर्डर. मग गर्डर धरेल चेन. मग चेन उचलेल चाक. मग उघडेल दार. मग येईल पिटू बाहेर!"

"मी नाही पिळणार," पाना म्हणाला. "मला कुणी विचारलं नाही, म्हणून रुसून बसलो. आता मला लाज वाटते. मिस्त्रीकाका मला हातात घेतील, तर पिळेन."

ठिपकीनं शेपटीनं तोंड झाकलं.

"ताई गं..." पिटूचा आवाज बारीक झाला होता.

तुरुतुरु तुरुतुरु, ठिपकी गेली शेडमागं.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका! पाना हातात घ्या. मग पाना पिळेल बोल्ट. मग बोल्ट आवळतील पाय. मग खांब घेतील गर्डर. मग गर्डर धरेल चेन. मग चेन उचलेल चाक. मग उघडेल दार. मग येईल पिटू बाहेर!"

टोपी हलली नाही.

"मी नाही घेणार," काका टोपीखालून म्हणाले. "सगळ्यांना सांगतो, छपराच्या पट्टीला वजन टांगू नका. आणि मीच टांगलं! मला लाज वाटते. कुणीतरी म्हणत होतं, लवकर लवकर. कोण होतं गं ते? ते 'चुकलं' म्हणेल, तर मीही म्हणेन. एकट्याला जमेना मला."

ठिपकीनं इकडं पाहिलं. तिकडं पाहिलं. आता जायला कुणीच उरलं नव्हतं.

शेपटी तोंडावर आली. ठिपकीनं ती हातानं धरली. खाली केली.

"मी होते ती," ठिपकी म्हणाली. "लवकर लवकर मीच म्हणाले. चुकलं माझं."

टोपी वर झाली.

"चुकलं माझंही," काका म्हणाले.

तेवढ्यात मंजुळाकाकू आली, हातात डबा घेऊन.

"काय ओ, टोपीत काय शोधताय? भाकरी डब्यात आहे!"

काका हसले. "आधी पिटूला काढू. चल, शिडी धर."

काकांनी घेतला पाना. पान्यानं पिळले बोल्ट. करकच करकच! बोल्टांनी आवळले पाय. खांबांनी घेतला गर्डर. गर्डरनं धरली चेन.

ठिपकीच्या तोंडावर आलं, "लव..."

तिनं पटकन ओठ मिटले.

"सावकाश, काका. सावकाश."

काकांनी आधी टांगली वाळूची छोटी बादली. वर पाहिलं. गर्डर वाकला नाही.

मग टांगली वाळूची मोठी गोणी. खाली पाहिलं. खांब डुगडुगले नाहीत.

मग चाक!

"सगळे बाजूला!" काका म्हणाले. "वजनाखाली कुणी उभं राहायचं नाही."

काकू बाजूला. ठिपकी बाजूला.

"पिटू, हाक मारेपर्यंत आतच थांब!" ठिपकी ओरडली.

खळखळ... खळखळ... चाक वर गेलं. गर्डरवरून सरकलं. टेबलावर बसलं. टप्प!

"ये रे!"

दार उघडलं. पिटू आला बाहेर, डोळे चोळत.

"ताई, दार कुणी बंद केलं?"

शेपटी तोंडाकडं निघाली. अर्ध्यात थांबली.

"माझं चुकलं, पिटू. मी घाई केली."

पिटूनं विचार केला.

"बरं. भूक."

काकूनं भाकरीचा मोठा तुकडा मोडला. पिटूनं दोन्ही हात पुढं केले.

"लवकर दे, लवकर!"

"सावकाश!" ठिपकी म्हणाली. काकाही म्हणाले. दोघंही एकदम!

छपराची पट्टी अजून थोडी वाकडी आहे. चेन ओढण्याआधी काका तिच्याकडं बघतात, आणि टोपी नीट करतात.

चेन राहिली गर्डरवर, चाक बसलं टेबलावर, भाकरी गेली पोटात, आणि गोष्ट आली जमिनीवर.