आबासाहेबांच्या गाडीचा पोचा

“पोचा कुठं गेला?” महाराज गरजले.

हौसा लोहारणीला आधी प्रश्नच कळेना. आठ महिने राबून तिने हा जुना विलायती पिकअप ट्रक पुन्हा उभा केला होता. इंजिन खोलून बसवलं, गंजका पत्रा कापून नवा जोडला, मूळचा निळा रंग हुबेहूब जुळवला. पुढच्या डाव्या मडगार्डला पडलेला परातीएवढा पोचा तर आतून ठोकठोकून असा काढला, की हात फिरवला तरी कळू नये. आता राजवाड्यासमोर ती शाबासकीची वाट बघत उभी होती.

“काढला की, सरकार! बघा तरी, कसा आरशागत पत्रा!”

“काढला? अगं करंटे, तो वाघाचा पंजा होता!”

राज्यं कधीच खालसा झाली होती, पण हरणगडात ही बातमी उदाजीराव महाराजांच्या कानावर घालायचं धाडस कुणी केलं नव्हतं. त्यांचे आजोबा आबासाहेब याच गाडीतून वाघदऱ्याच्या माथ्यावर चढले, वाघाने मडगार्डवर पंजा हाणला आणि आबासाहेबांनी त्याला नुसत्या नजरेने पळवून लावलं, ही कथा गावातलं शेंबडं पोरही सांगत असे. वाघ मात्र कुणीच पाहिला नव्हता.

सौद्यासाठी पुण्याहून जुन्या गाड्यांचे शौकीन धनेश्वर आले होते. त्यांनी मडगार्डवर बोट फिरवलं आणि सुस्कारा सोडला. “काम अप्रतिम आहे. पण महाराज, मी पोच्यासाठी आलो होतो. अशा गाड्या माझ्याकडे चार आहेत, वाघाने मारलेली एकही नाही. पोच्यासकट बारा लाख, पोच्याशिवाय सहा. त्यातून इंजिनाचा जोर दोनच चाकांना!”

म्हणजे बाईने काम चोख केलं, म्हणून गाडीची किंमत निम्म्यावर आली! कारभारी दादोपंतांच्या चेहऱ्यावर मात्र दिवाळी उजाडली. हौसाच्या बापाने उभारलेली गॅरेजची शेड महाराजांच्या जागेत होती, आणि दादोपंतांच्या मेव्हण्याला तिथे हॉटेल काढायचं होतं.

“सरकार, शेड काढून घ्या हिची!” ते पुटपुटले.

महाराज हट्टाला पेटले. “तीन दिवसांत पोचा परत हवा! त्याच जागी, तसाच! हातोडीचा चालणार नाही. ज्या वाघानं पाडला, त्यानंच पाडला पाहिजे! नाहीतर शेड खाली कर!”

साठ वर्षांपूर्वीचा वाघ! शेड गेली तर ती जाणार कुठे? दुसऱ्याच्या गॅरेजात बाईच्या हाती कुणी पाना देत नाही, चहाची किटली देतात. तिने खाली मान घालून थोडा विचार केला आणि वर बघितलं.

“आणते, सरकार. तवर गाडी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. आन् वाघ हितं येणार न्हाई, आपल्यालाच त्याच्याकडं जावं लागंल. त्या दिशी गाडी सरकारांनी सोता चालवायची!”

तिसऱ्या दिवशी वरात निघाली. स्टिअरिंगवर महाराज, शेजारी धनेश्वर, मागच्या हौद्यात हौसा आणि जीव मुठीत धरून बसलेले दादोपंत. घाट चढून गेल्यावर हौसाने गाडी जुन्या, मोडक्या रस्त्याला घ्यायला सांगितली.

“अगं, वाघदरा तिकडं राहिला!” दादोपंत ओरडले.

“तिकडं ही गाडी कवाच गेली न्हाई, कारभारी. जोर निस्ता मागच्या दोन चाकांना. दोन दिस चढवून बघितली. तिथल्या मुरमाड खड्या चढाला लागली की चाकं जाग्यावरच गरागरा फिरत्यात.”

पुढे उताराला एक वळण होतं. वळणावर, डाव्या हाताला, टवका उडालेला मैलाचा दगड उभा होता. हौसाने गाडी थांबवायला लावली. महाराज ब्रेक दाबून गाडीतच बसून राहिले, बाकीचे उतरले. तिने कनवटीतून दगडाची एक कपची काढली.

“पोचा काढताना मडगार्डच्या आत घावली. हिच्यावर आकड्याचं शेपूट कोरलंय, म्हणून मैलाचं दगड धुंडाळत आले.” तिने कपची दगडाच्या फुटक्या कोपऱ्याला लावली. ती नेमकी बसली, आणि ‘हरणगड ७ मैल’ हे अक्षर न् अक्षर वाचता आलं. “ह्यो आपला वाघ, सरकार!”

“आबासाहेबांना लबाड ठरवतेस?” दादोपंत किंचाळले.

“लबाड कशापायी? वाघ मारणारं राजं दर संस्थानात झालं, कारभारी. भिंतीला मुंडकी टांगलीत की! पर मैलाच्या दगडाला धडकून साठ वरसं अख्ख्या मुलखाला वाघ दाखवला, असा राजा एकच झाला. आता सांगा, किंमत कुणाच्या गाडीची जास्त?”

धनेश्वरांना हसू आवरेना. “पंधरा लाख!” ते म्हणाले. “पण पोचा हवाच!”

महाराजांच्या मिशा थरथरत होत्या. रागाने की कशाने, ते कुणालाच कळेना. “ऐकलंस? पोचा कुठाय?”

“त्यात काय, सरकार?” हौसा दगडापासून चार पावलं बाजूला सरली. “गाडी तीच, वाघ त्योच, आन् गाडी हाकणारं रगतबी तेच. रस्ता सोडून भलतीकडं बघा जरा, तवा पडला तसा पडंल!”

महाराजांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. असं फुटलं, की पोट धरता धरता पाय ब्रेकवरून निसटला, गाडी उताराला लागली, आणि धप्प! डावा मडगार्ड थेट मैलाच्या दगडावर!

सगळे धावले. पोचा पडला होता. त्याच जागी, परातीएवढा!

“आबासाहेबांचे नातू शोभतो की नाही आम्ही?” स्टिअरिंगवर डोकं टेकून महाराज अजून हसतच होते. “दादोपंत! शेड आणि खालची जागा हौसाच्या नावानं करून द्या! आजच!”

“पण सरकार, माझा मेव्हणा...”

“लिहा!”

दादोपंतांनी कागद मैलाच्या दगडावरच ठेवून लिहिला, आणि महाराजांनी डोळे पुसत पुसत त्यावर सही ठोकली.