उशाची खिडकी आणि तथास्तु

शुद्धलेखन चुकलं असेल तर पोटात घाला, शब्दही साधेच आहेत. पण गोष्ट खणखणीत आहे.

विश्रामच्या थोरल्या भावाने घर दाखवायला फेंगशुईवाले तळेगावकर सर आणले. सरांनी होकायंत्र फिरवलं आणि अंथरुणाला खिळलेल्या आईच्या उशाची खिडकी दाखवली.

“ही बुजवा. सगळी ऊर्जा इथून बाहेर जाते. नाहीतर या घरातलं आजारपण हटायचं नाही, भाऊ-भाऊ वेगळे होतील.”

आईला गल्ली दिसायची ती तेवढ्याच खिडकीतून. भाऊ मात्र गवंड्याला फोन लावू लागला.

विश्राम हळूच म्हणाला, “सर, वास्तू तथास्तु म्हणते, हे खरं का हो?”

“शंभर टक्के. म्हणून तर घरात अभद्र बोलू नये.”

“मग आत्ता तुम्ही जे बोललात, त्यालाही ती तथास्तु म्हणाली असणार. आणि चांगलं बोललात तर त्यालाही म्हणेल. मग विटा कशाला, सर? शब्दच बदला.”

भावाने फोन खिशात ठेवला आणि सरांकडे पाहू लागला.

सरांनी घसा खाकरला. “बरं, खिडकी राहू दे. आजारपण जावो, भाऊ एकत्र नांदोत.”

“तथास्तु,” आई अंथरुणातून म्हणाली. “चहा घेऊन जा हो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामने खिडकीच्या बिजागऱ्यांना तेल घातलं.