म्हशींचं मंडळ आन् चिंचेवरचा डाव

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, म्हंजे तुझ्यासारखा येडा तूच!

एका वडावर खारी सूरपारंब्या खेळायच्या. खाली सावलीत म्हशी रवंथ करायच्या. एक दिवस म्हशींनी मंडळ काढलं. थोरली कावेरी म्हणाली, "सावली आमची, म्हंजे खेळ बी आमचा." खारींना बरंच वाटलं. कुणीतरी आपला खेळ बघतंय की!

मग ठुमकी खार ओढ्यापलीकडच्या चिंचेवर एक डाव खेळून आली. मंडळानं तिला वर्षाची बंदी घातली. आन् उद्या तर जत्रेचा सामना!

ठुमकी कावेरीला म्हणाली, "मावशी, खेळलेच ना? चोरी तर न्हाई केली?"

"आमाला इचारलंस का?"

"तुमी झोपला हुता."

"मग उठेपर्यंत थांबायचं!"

दुसऱ्या दिवशी अख्खं रान जमलं. खारी एकेक करून खाली उतरल्या आन् ठुमकीशेजारी बसल्या. "ती न्हाई, तर आमी बी न्हाई."

"नका खेळू! आमी खेळतो," म्हणत कावेरीनं पारंबी जबड्यात धरली. लोंबकळली बी. पर हुकूम सोडायची खोड कुठं जाती? "टाळ्या वाजवा!" म्हणाया तोंड उघडलं, आन् धप्पदिशी खाली.

सगळं रान हसलं. ठुमकीनं मातूर शेपटीनं तिची धूळ झटकली.

कावेरी हळूच म्हणाली, "वरनं कसं दिसतं गं?"

"बंदी हाय मावशी. कसं सांगू?"

म्हैस लई येळ रवंथ करत ऱ्हायली. मग म्हणाली, "जा, चढ. बघ आन् सांग मला."

आन् तू काय बसलायस आ वासून? ऊठ, पळ आता!