वेळूच्या बनात लपलेली ठकी

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात भिवा नावाचा एक बुरूड राहत होता. तो आणि त्याची बायको काशी मिळून सुपं-टोपल्या विणत. त्यांना ठकी नावाची एकुलती एक मुलगी होती. ठकी नऊ वर्षांची झाली, तरी तिची समज तीन वर्षांच्या पोरीएवढीच होती. सांगितलेलं ती घटकाभरात विसरे.

लेकीवर दोघांचाही जीव होता. पण मनातल्या दुःखाचं त्यांनी भांडण करून टाकलं होतं. ठकीच्या हातून पाणी सांडलं, की भिवा म्हणे, "तुझ्या लाडानं ही अशी झाली." काशी उलटून म्हणे, "आणि तुम्ही तिला कधी जवळ घेतलंत?" आवाज चढले, की ठकी कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसे. काल जमलेलं आज तिला जमेनासं होई. मग त्यावरून पुन्हा भांडण.

एकदा भिवानं बांबूच्या पट्ट्या पाण्यात भिजत घातल्या होत्या. मदत करावी म्हणून ठकीनं त्या काढून उन्हात पसरल्या. पट्ट्या कडक होऊन मोडल्या. भिवा ओरडला. काशी त्याच्यावर ओरडली. भांडण थांबलं, तेव्हा ठकी घरात नव्हती.

दोघांनी विहीर पाहिली, ओढा पाहिला, देवळामागं पाहिलं. दिवस कलू लागला. डोंगरात बिबट्याचा वावर होता.

"ठके! ए ठके!" भिवा ओरडत होता.

"तुमच्यामुळं गेली माझी पोर!" काशी रडत होती.

गावाबाहेर वेळूचं बन होतं. तिथं शेळ्या चारणारी साळू आजी भेटली. ती म्हणाली, "अरे, हळू! पोर याच बनात आहे. पण तुमचा आवाज आला, की ती आणखी आत सरकते. दोनदा पाहिलं मी."

भिवाचे पाय जागीच थांबले. तो मटकन खाली बसला.

"काशे, मला भीती वाटते गं," तो हलकेच म्हणाला. "आपल्यामागं हिचं कसं होईल? तेवढंच बोलायचं असतं मला. तोंडातून भलतंच निघतं."

काशी त्याच्या शेजारी बसली. "मलाही तीच भीती वाटते. मला वाटायचं, मी एकटीच घाबरते."

नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघं एका जागी बसून रडले. मग हळू आवाजात बोलत राहिले.

थोड्या वेळानं वेळू सळसळले. ठकी बाहेर आली. हातांवर ओरखडे, केसांत पाला. ती दोघांच्या मधे येऊन बसली. परकराच्या टोकानं तिनं आधी आईचे डोळे पुसले, मग बापाचे.

"संपलं भांडण?" तिनं विचारलं.

"संपलं, बाळा," भिवा म्हणाला.

पुढंही त्या घरात पाणी सांडलंच. कधी भिवाचा आवाज चढू लागे. तेव्हा तो उठून अंगणात जाई आणि शांत होऊन परत येई. ठकीला अंक कधीच आले नाहीत. पण वर्षभरात ती लहान-मोठ्या पट्ट्या वेगळ्या करून बापाच्या हातात देऊ लागली. काम करताना ती मोठ्यानं हसे.

एक पाहुणा कौतुकानं म्हणाला, "भिवा, पोर सुधारली रे तुझी!"

भिवा म्हणाला, "पोर होती तशीच आहे, दादा. सुधारायचे आम्हीच राहिलो होतो."

तात्पर्य: आईबाप आपलं दुःख एकमेकांवर फेकतात, तेव्हा ते लेकराला लागतं; तेच दुःख वाटून घेतात, तेव्हा उशिरा उमजणारं लेकरूही आपल्या चालीनं फुलतं.