चिंतोबुवा आणि नव्या गाडीचा लेप

"पण लेप लावायचा की नाही, तेवढं सांगा ना बुवा."

मठाच्या ओटीवर बसलेल्या चिंतोबुवांनी कोकमाचा रातांबा फोडला. गर आणि बिया एका पातेल्यात टाकल्या, साल सुपात. त्यांचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

"शोरूमवाला म्हणतो लावाच," रघुवीर पुढे म्हणाला. "समुद्राची खारी हवा. लेप नसेल तर गाडीचा तळ गंजून पोळीसारखा तुटेल म्हणतो."

"हं."

"गॅरेजवाला म्हणतो मुळीच लावू नका. कंपनीतून लावूनच येतो. वर दुसरा थापला तर ओल आत अडकते आणि आतल्या आत गंज धरतो म्हणे."

"हं."

"मग मी काय करायचं?"

बुवांनी पुढचा रातांबा उचलला...

रघुवीर तेरसे विम्याचा एजंट होता. सबंध तालुक्याला काळजी करायला शिकवणं हा त्याचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. तो कोणाच्या ओटीवर बसला की चहा संपेपर्यंत त्या घरावर वीज पडलेली असायची, माड कोसळलेला असायचा आणि कर्ता पुरुष आडवा झालेला असायचा. माणसं भराभर सह्या करत.

आपण कुठलीही गोष्ट चारी बाजूंनी तपासल्याशिवाय करत नाही, याचा त्याला अभिमान होता. तो अभिमान तो लपवतही नसे.

गाडी घरातली पहिलीच. पांढरी, ऐसपैस, रुंद दाराची, आणि मुख्य म्हणजे चढायला ठेंगणी. घेतली ती आईसाठी. द्वारकाबाईंचे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढू देत नव्हते आणि रिक्षात त्यांना आखडून बसवत नव्हतं. खाडीपलीकडे खाजणवाडीत त्यांची थोरली बहीण मथुरा राहायची. तिचीही तीच गत. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहून वर्षं लोटली होती. फोन व्हायचा, पण त्यावर दोघी एकदमच बोलायच्या, त्यामुळे कोणीच कोणाचं ऐकायचं नाही.

पाडव्याला गाडी आली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, पेढे वाटले.

आता रातांबे पिकले होते आणि गाडी अजून घरामागच्या मांगरात, नारळ साठवायच्या खोपीत, उभी होती. वर कापडी झाकण, आत सीटांवर कंपनीचं प्लास्टिक. खाजणवाडीचा रस्ता खाडीच्या बांधावरून जातो. भरती आली की बांधावर खारं पाणी चढतं. लेपाचा निकाल लागल्याशिवाय गाडी तिकडे न्यायची नाही, असं रघुवीरने ठरवलं होतं. रोज सकाळी तो चटई टाकून गाडीखाली शिरायचा आणि बॅटरीच्या उजेडात तिचं पोट तपासायचा. मग बाहेर येऊन अंग झाडायचा आणि जुन्या स्कूटरवरून कामाला जायचा.

आजही तो मठात स्कूटरवरूनच आला होता.

"गाडी कुठाय?" बुवांनी विचारलं.

"घरी. मांगरात."

"आणि आई?"

"तीही घरीच." रघुवीर जरा घुटमळला. "म्हणजे... मांगरातच असेल."

बुवांचा हात थांबला.

"संध्याकाळची ती गाडीत जाऊन बसते," रघुवीर म्हणाला. "चांगलं लुगडं नेसून. मी म्हटलं, बस बापडी. एका जागी उभ्या गाडीला काय होतंय."

बुवांनी सूप बाजूला सारलं आणि उठले. बुवा मूळचे घाटावरचे. कधीकाळी घाट उतरून आले ते परत चढलेच नाहीत. गावाला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं.

"चल," ते म्हणाले.

"हात तरी धुवा बुवा."

ते तोवर स्कूटरवर मागे बसलेसुद्धा.

मांगरात उजेड कमी होता. गाडीचं झाकण अर्धं वर सारलेलं. मागच्या सीटवर द्वारकाबाई बसल्या होत्या. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. नजर समोर, भिंतीवर. त्या भिंतीला सोललेल्या नारळांचा ढीग होता आणि एक जुनी शिडी टेकलेली होती.

बुवांनी हळूच दार उघडलं. दाराच्या मुठीवर पाच लाल बोटं उमटली. रघुवीरने ती पाहिली आणि रुमालासाठी खिसा चाचपला.

"कुठवर आलात, आई?" बुवांनी विचारलं.

द्वारकाबाई जराही दचकल्या नाहीत.

"ह्या काय, वेताळाचा देऊळ आत्ताच मागे टाकला. आता खाडी दिसतली."

"मी येऊ?"

"येवा की. जागा आसा."

बुवा त्यांच्या शेजारी प्लास्टिकवर बसले. प्लास्टिक करकरलं. दोघंही समोरच्या भिंतीकडे पाहू लागले.

रघुवीर दाराशी उभा. हसावं की रागवावं, त्याला कळेना.

"ते काय दिसतंय?" बुवांनी नारळांकडे बोट केलं.

"ती मोरी. तिच्या खाली आम्ही दोघी कुर्ले, तुमच्या घाटावरचे खेकडे, धरूक जायचो. मथुरेचा बोट एका कुर्ल्यान असा धरलान, काय सांगू तुमका. ती रडाक लागली आणि माका हसू आवरणा नाय."

बुवा हसले. द्वारकाबाईही हसल्या, तोंडाला पदर लावून. आईला असं हसताना रघुवीरने किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

"आणि डब्यात काय आहे?"

"रव्याचे लाडू. मथुरेक आवडतत."

"आजचे?"

"खंयचे आजचे. मऊ पडले काय पोरांका देतंय, आणि नवीन करतंय." मग त्या ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटला हात लावून म्हणाल्या, "जरा रवा हां. हंयसर थांबूचा."

"का?"

"पुढे बांध. भरतीचा पाणी इला आसतला. माझो झील रघू गाडी खाऱ्या पाण्यात घालूचो नाय."

"मग?"

"मगे काय... रोज हंयसूनच मागे फिरतंय मी."

हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. त्यात ना तक्रार होती ना टोमणा. असता तर रघुवीरला बरं वाटलं असतं, त्याला उत्तर देता आलं असतं.

त्याला लाज वाटली. इतकी, की तो वळून मांगराबाहेर आला आणि उगाचच स्कूटरचा आरसा पुसत बसला. आई रोज मावशीकडे निघत होती. रोज लाडू घेऊन बांधापर्यंत जात होती आणि रोज त्याच्या लेपापाशी अडून परत येत होती. आणि तो त्याच गाडीखाली चटई टाकून गंज शोधत होता.

तो परत आत गेला. बुवा आणि आई तशीच बसलेली. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

रघुवीरने झाकण खसकन ओढून काढलं, गोळा करून नारळांवर फेकलं, आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "रोहिणी, चप्पल घाल आणि ये. मथुरामावशीकडे जातोय."

त्याची बायको दारात आली. पिठाचे हात तसेच. "आत्ता?"

"आत्ता."

तिने आणखी काही विचारलं नाही. नवऱ्याचा विचार बदलायला वेळ लागत नाही, हे तिला अनुभवाने माहीत होतं. हात पुसले, मावशीला फोन लावला, आणि मुलं आजोळी गेलीयत ते बरंच झालं असं म्हणत ती पुढे येऊन बसली.

गाडी मांगरातून बाहेर पडली तेव्हा द्वारकाबाईंनी डोळ्यांवर हात धरला. खरं ऊन लागलं होतं.

वेताळाचं देऊळ आलं, तसं त्या म्हणाल्या, "ह्या देवळाक रंग कधी दिलो?" मोरी आली. मोरी आता सिमेंटची होती. त्यावरही त्या खूष झाल्या. बुवा शेंगदाणे खात होते. ते त्यांनी कुठून काढले, कोण जाणे.

आणि मग बांध आला.

भरती खरंच चढली होती. बांधावरून पाण्याचा पातळ, चकचकीत पदर पलीकडे सरकत होता. कडेचे पांढरे दगड तेवढे वर दिसत होते. घोट्याएवढं पाणी असेल. पण खारं, अस्सल खारं.

रघुवीरने ब्रेक दाबला.

त्याने आरशातून बुवांकडे पाहिलं. बुवांनी डोळे मिटले होते.

"बुवा..."

बुवा घोरायला लागले. इतकं खोटं घोरणं रोहिणीने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"रवांदे रे बाबा," आई मागून म्हणाली. "भरती उतारली काय जावया. मी बसतंय. माका सवय आसा."

रघुवीरने चावीकडे हात नेला. खरं म्हणजे तेच शहाणपणाचं होतं. दोन घटका थांबलं तर काय बिघडणार होतं?

तेवढ्यात रोहिणी म्हणाली, "ती बघा कोण."

बांधाच्या पलीकडच्या टोकाला एक बारकुडी म्हातारी उभी होती. काठी एका हातात, दुसरा हात कपाळावर. तिने गाडी पाहिली. गाडी थांबलेली पाहिली. मग तिने लुगडं वर खोचलं, काठी पुढे टाकली, आणि सरळ पाण्यात पाऊल घातलं.

"अगो, मथुरा ती!" द्वारकाबाई म्हणाल्या. "पडात ती. रघू, ती पडात रे..."

रघुवीरने पहिला गिअर टाकला.

पाणी चाकांना लागलं आणि दोन्ही बाजूंना उडालं. खालून तळावर चुळूचुळू वाजायला लागलं. पण रघुवीरचे डोळे त्या काठीवर होते. हळूहळू, दगडांच्या मधोमध, गाडी पुढे गेली. म्हातारीही पाय रोवून उभी राहिली. पाण्याच्या मध्यावर गाडी तिच्याशेजारी थांबली. रघुवीर खाली उतरला, तो पायजम्याच्या घडीसकट खाऱ्या पाण्यात, आणि त्याने मावशीला अलगद उचलून आईच्या शेजारी बसवलं.

बुवा दाराकडे सरकले होते. ते जागे कधी झाले, कोणी विचारलं नाही.

"द्वारके... इलंस गो बाये?"

"इलंय."

बस. फोनवर घटका घटका बोलणाऱ्या दोघी बहिणी आता काहीच बोलेनात. एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. मथुरामावशीच्या लुगड्याचं पाणी प्लास्टिकवरून ओघळून खाली पायपुसण्यावर जात होतं. मग द्वारकाबाईंनी बहिणीचं बोट वर करून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्याच मा ता बोट, कुर्ल्यान धरलेला?" आणि दोघींना जे हसू फुटलं ते खाजणवाडी येईपर्यंत थांबलं नाही. रघुवीरही हसत होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने पुसलेही नाहीत.

मावशीच्या अंगणात गाडी टेकली. रोहिणी पायरीकडे निघाली, तर मावशीने काठी आडवी घातली.

"आधी पाय."

विहिरीवरचं गोडं पाणी घंगाळात भरून ठेवलेलं होतं. सगळ्यांनी पाय धुतले. बुवांनी हातही धुतले, एकदाचे. मग मावशी तांब्या घेऊन गाडीकडे निघाली.

"मावशी, राहू दे, मी धुतो घरी," रघुवीर म्हणाला.

"आमच्या दारात पाय धुतल्याशिवाय कोण वर चढणा नाय," मावशी म्हणाली. "ही चिखलातसून इली ती तुमका घेवन. हिचे नकोत?"

तिने पुढच्या चाकावर तांब्या ओतला. मागच्या चाकावर द्वारकाबाईंनी. मग शेजारपाजारची माणसं जमली, कळश्या आल्या, बादल्या आल्या, कोणीतरी परसातला पाइप ओढून आणला. अंगणात नुसती धमाल उडाली. मावशीचा एक आडदांड पुतण्या तर गाडीखाली झोपून तळावर पाणी मारत होता, जिथे रघुवीर रोज बॅटरी मारायचा.

गाडीने सगळ्यांचे लाड करून घेतले. खालून खारा चिखल आधी गढूळ, मग फिकट, मग स्वच्छ होऊन माडांच्या आळ्यांत गेला.

मग घावणे आले, नारळाचा रस आला. ओटीवर पंगत बसली. आत दोघी बहिणी एका ताटात जेवत होत्या आणि पुन्हा एकदमच बोलत होत्या.

रघुवीर बुवांच्या शेजारी बसला होता. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. केस विस्कटलेले. इतकं मोकळं त्याला किती तरी दिवसांत वाटलं नव्हतं. अंगणात गाडी निथळत उभी होती. तिच्याकडे बघता बघता त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं...

"पण बुवा, त्या लेपाचं राहिलंच. लावायचा की नाही?"

रोहिणीने कपाळाला हात लावला.

बुवांनी घावण्याचा तुकडा रसात बुडवला. तो नीट चावला. आतून हसण्याचा आवाज आला, तो ऐकला.

"आता लाव," ते म्हणाले. "आता गाडी चालायला लागली."